सर्वसाधारण डॉक्टरांचे निरंतर बालरोगशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठे रुग्णालय दूर, औषधे मोजकी, हाताशी एखादी परिचारिका आणि बाहेर रांगेत बसलेली मुले, अशा ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी, तसेच त्यांना शिकवू इच्छिणाऱ्या बालरोगतज्ज्ञांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. आपल्या देशाची उपचारसूत्रे जिथे वेगळी असतील तिथे तीच प्रमाण मानावीत.

पदवीच्या अभ्यासक्रमात बालरोग हा विषय झालेला असतो. मग त्याचे शिक्षण पुढे वेगळे चालू ठेवण्याची गरज काय?

पदवीच्या काळात जे शिकवले जाते ते बहुतेक वेळा वॉर्डात, म्हणजे आधीच कोणीतरी गंभीर ठरवून पाठवलेल्या मुलाच्या खाटेशेजारी शिकवले जाते. दवाखान्यात परिस्थिती उलटी असते. ताप-खोकल्याच्या अनेक मुलांमधून खरोखर धोक्यात असलेले एक मूल वेळेवर हेरायचे असते, आणि हे काम वॉर्डातल्या निदानापेक्षा वेगळे, माझ्या मते अधिक अवघड आहे. शिवाय लहान मुलाचे शरीर आजाराशी बराच वेळ झुंजते आणि मग थोड्या वेळात कोसळते. शॉकमधल्या, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचणाऱ्या, मुलाचा रक्तदाब बहुधा सर्वांत शेवटी उतरतो, त्यामुळे ‘रक्तदाब ठीक आहे’ एवढ्यावर निश्चिंत होण्याची मोठ्या माणसांच्या उपचारातली सवय इथे महागात पडते.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात पाच वर्षांखालील सुमारे ४९ लाख मुले दगावली, आणि त्यांतली सुमारे २३ लाख जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतली होती. १९९० साली एकूण आकडा सव्वा कोटीच्या घरात होता, म्हणजे सुधारणा मोठी झाली आहे. तरीही उरलेल्या मृत्यूंमागची कारणे ओळखीचीच आहेत : अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना श्वास कोंडणे, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, जुलाब, मलेरिया, आणि यांतल्या अनेकांच्या मुळाशी असलेले कुपोषण. यांपैकी बहुतेक मुलांना पहिल्यांदा पाहणारा डॉक्टर बालरोगतज्ज्ञ नसतो.

एवढ्या मोठ्या विषयात सुरुवात कुठून करावी?

निदानांच्या यादीपासून नव्हे, धोक्याच्या लक्षणांपासून करावी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची जी पद्धत आखली, तिचा पाया हाच आहे. दोन महिने ते पाच वर्षांच्या आजारी मुलाबाबत, तक्रार कोणतीही असो, चार गोष्टी आधी पाहायच्या : मूल पीत आहे का किंवा अंगावर घेत आहे का, घेतलेले सगळेच उलटून टाकते का, या आजारात झटके आले का, आणि ते गुंगीत किंवा बेशुद्ध आहे का. यांतले एकही लक्षण असेल तर मूल गंभीर समजून पुढचे सगळे निर्णय घ्यायचे. ‘पीत आहे का’ हा प्रश्न आईला विचारून थांबू नये. तिला समोरच पाजायला सांगावे आणि आपल्या डोळ्यांनी पाहावे.

यानंतरचे कौशल्य म्हणजे श्वास मोजणे. खोकला किंवा धाप असलेल्या मुलात दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या आत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वसन. हे आकडे बहुतेकांना पाठ असतात, पण मोजणी मात्र घाईत होते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते, आणि तेवढ्या फरकाने प्रतिजैविक द्यायचे की नाही याचा निर्णय बदलतो. मूल शांत असताना, पोटावरचे कपडे वर करून, घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजणे हाच योग्य मार्ग आहे. रांग मोठी असेल तर हे काम परिचारिकेला शिकवावे. ती ते डॉक्टरांपेक्षा सातत्याने करते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट वजन आणि दंडघेर. सहा महिने ते पाच वर्षांच्या आतील मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असणे किंवा दोन्ही पावलांवर सूज असणे, यांतले एकही आढळले तर ते तीव्र कुपोषण. कागदी पट्टीने अर्ध्या मिनिटात होणारी ही तपासणी तापाच्या गडबडीत राहून जाते.

गेल्या काही वर्षांत नेमके काय बदलले आहे? जुने शिकलेले कुठे चुकीचे ठरते?

नवे शिकण्यापेक्षा जुने सोडणे अवघड असते, म्हणून या प्रश्नाला थोडा अधिक वेळ द्यायला हवा.

जुलाबांसाठीच्या क्षारसंजीवनीचे (ओआरएसचे) सूत्र २००२ साली बदलले. पूर्वीच्या द्रावणाची तीव्रता लिटरला ३११ मिलिऑस्मोल होती, नव्याची २४५ आहे, कारण कमी तीव्रतेच्या द्रावणाने उलट्या आणि शिरेतून सलाईन देण्याची गरज कमी होते असे दिसले. २००४ पासून तिच्या जोडीला झिंक देण्याची शिफारस आहे, आणि ते १० ते १४ दिवस, म्हणजे जुलाब थांबल्यावरही चालू ठेवायचे असते. प्रत्यक्षात झिंक लिहिले जाते, पण पुढचे दिवस ते का द्यायचे हे आईला न सांगितल्याने तिसऱ्या दिवशी बंद पडते. जुलाब थांबवणारी औषधे लहान मुलांना द्यायची नाहीत, आणि साध्या पाण्यासारख्या जुलाबांत प्रतिजैविकांचे काम नसते.

श्वास घेताना छाती आत ओढली जाते असा न्यूमोनिया पूर्वी सरसकट दाखल करण्याजोगा मानला जाई. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने वर्गीकरण बदलले. धोक्याचे लक्षण नसेल तर अशा मुलावर तोंडाने दिलेल्या अॅमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाने घरी उपचार करता येतात, अर्थात नीट समजावून आणि फेरतपासणीची वेळ ठरवून. नवजात बाळाच्या गंभीर जंतुसंसर्गात आजही रुग्णालयातच पाठवायचे असते, परंतु पाठवणे खरोखर शक्य नसेल किंवा कुटुंब तयार नसेल, तर बाहेरच्या बाहेर द्यायच्या सोप्या प्रतिजैविक उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे २०१५ पासून उपलब्ध आहेत. गंभीर मलेरियात क्विनाइनऐवजी आर्टेसुनेट का, याचे उत्तर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकी मुलांवरच्या चाचणीत मिळते : मृत्यूचे प्रमाण क्विनाइनच्या गटात १०.९ टक्के, तर आर्टेसुनेटच्या गटात ८.५ टक्के होते.

सर्वांत मोठा धक्का २०११ साली बसला. केनिया, युगांडा आणि टांझानिया येथे तापाने गंभीर असलेल्या आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांवर झालेल्या चाचणीत, ज्यांना शिरेतून वेगाने द्रव दिला गेला त्यांच्यातले ४८ तासांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते, आणि ज्यांना तसा द्रव दिला नाही त्यांच्यात ७.३ टक्के. शॉक दिसला की सलाईन जोरात सोडायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण अतिदक्षता विभाग नसलेल्या ठिकाणी जीव घेऊ शकते, हे त्यातून कळले. मात्र याचा उलटा गैरसमजही पसरला. त्या चाचणीत जुलाबांची मुले घेतलेलीच नव्हती. जुलाबांमुळे तीव्र जलशुष्कता झालेल्या मुलाला वेगाने द्रव द्यावाच लागतो : दर किलोला १०० मिलिलिटर, एक वर्षाखालील बाळाला सहा तासांत आणि मोठ्या मुलाला तीन तासांत, तेही मध्ये मध्ये तपासत. तीव्र कुपोषित मुलाचे नियम पुन्हा वेगळे आहेत. ‘सलाईन द्यावे की देऊ नये’ असा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या मुलाला, कशासाठी आणि किती वेगाने, हे शिकायचे असते.

व्याख्याने आणि कार्यशाळा नियमित होतात. त्या पुरेशा नाहीत का?

व्याख्यानाने माहिती पोहोचते, सवय बदलतेच असे नाही. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील अभ्यासांचा एक विस्तृत आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसती छापील माहिती वाटल्याने रुग्णालयांतल्या व दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या उपचारपद्धतीत जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. प्रशिक्षणाने किंवा देखरेखीने साधारण दहा ते सोळा टक्केबिंदूंची सुधारणा झाली होती, आणि प्रशिक्षणाच्या जोडीला कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून आपल्याच अडचणी सोडवण्याचा उपक्रम असेल तिथे फरक त्याहून बराच मोठा होता. भिंतीवरचे तक्ते आणि घडीपत्रिका छापण्यावर जो खर्च होतो त्याकडे पाहता हे निष्कर्ष जरा अडचणीचेच आहेत.

कार्यशाळा वाईट नसते. तिच्यानंतर कोणी दवाखान्यात येऊन ‘आता करून दाखवा’ म्हणत नाही, तिथे ती फुकट जाते.

हाताने करायची कौशल्ये, विशेषतः नवजात बाळाला श्वास देणे, टिकवायची कशी?

थोडा पण वारंवार सराव, याला पर्याय नाही. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला मदत करण्याचा साधा अभ्यासक्रम अमेरिकन बालरोग अकादमीने आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०१० साली सुरू केला. पहिल्या मिनिटाच्या आत बाळ रडत असले पाहिजे किंवा पिशवी-मास्कने (चेहऱ्यावर मास्क बसवून, हाताने पिशवी दाबून) श्वास सुरू झालेला असला पाहिजे, एवढे एकच सूत्र त्याच्या केंद्रस्थानी आहे. प्रशिक्षणानंतर काही महिन्यांत हे कौशल्य ओसरते, असे पुनःपुन्हा दिसून आले. ज्ञान राहते, हात विसरतात.

यासाठी महागड्या पुतळ्याची वाट पाहू नये. साध्या बाहुलीवर पुसणे, कोरडे करणे, मान योग्य स्थितीत ठेवणे आणि प्रत्येक पायरी क्रमाने मोठ्याने म्हणणे यांचा सराव होतो. छाती खरोखर वर येते का हे मात्र हवा भरता येणाऱ्या सरावपुतळ्यावरच कळते, म्हणून आसपासच्या चार-पाच केंद्रांनी मिळून असा एक पुतळा फिरता ठेवावा. सराव सभागृहात न करता जिथे बाळंतपण होते त्याच खोलीत, तिथलीच पिशवी आणि तिथलाच मास्क घेऊन करावा. सराव करताना मास्क फाटलेला आहे किंवा नवजाताच्या मापाचा मास्क कपाटात कुलूपबंद आहे, हे उघड होते, आणि कधी कधी त्या दिवसाचा सर्वांत मोठा लाभ तोच असतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पुरतात. परिचारिका, दाई, सफाई करणारी व्यक्ती, जे कोणी त्या वेळी खोलीत असू शकते त्या सर्वांना त्यात घ्यावे.

मी एकटाच डॉक्टर आहे. चर्चेला जवळ कोणी सहकारी नाही. काय करावे?

आपले केसपेपर हेच आपले पुस्तक समजावे. महिन्यातून एकदा, पाच वर्षांखालील खोकल्याच्या शेवटच्या वीस मुलांचे कागद काढावेत आणि प्रत्येकावर पाच गोष्टी शोधाव्यात : वजन लिहिले आहे का, श्वासांची संख्या लिहिली आहे का, धोक्याची लक्षणे पाहिल्याची नोंद आहे का, प्रतिजैविक दिले असेल तर त्याचे कारण कळते का, आणि कोणत्या लक्षणांवर ताबडतोब परत यायचे हे आईला सांगितल्याची खूण आहे का. पहिल्या खेपेला निकाल बहुधा लाजिरवाणा असतो. तो कोणाला दाखवायचा नसतो, त्यामुळे खरा असतो. त्यातली एकच उणीव निवडून पुढचा महिनाभर तेवढीच सुधारावी. पाचही एकदम सुधारायला गेल्यास एकही सुधारत नाही.

दूरचे सहकारी मिळवण्याचा मार्ग आता खुला आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली हेपॅटायटिस सी या आजारासाठी सुरू केलेला ‘इको’ उपक्रम पुढे अनेक देशांत आणि अनेक विषयांत पसरला. त्यात तज्ज्ञ व्याख्यान देऊन उठून जात नाही. दूरच्या दवाखान्यातला डॉक्टर स्वतःचा रुग्ण मांडतो आणि सगळे मिळून विचार करतात. अशी औपचारिक सोय नसेल तर पाच-सहा डॉक्टरांनी पंधरा दिवसांतून एकदा फोनवर भेटून प्रत्येकी एक अवघड रुग्ण मांडला, तरी त्या पद्धतीचा गाभा साधतो. मात्र मुलाचे नाव, चेहरा, गाव यांपैकी काहीही पाठवू नये, आणि छायाचित्र आवश्यक असेल तर पालकांची परवानगी घ्यावी. मोबाइलवरच्या गटांत या बाबतीत फार ढिलाई दिसते.

औषधांच्या मात्रेतील चुका टाळण्यासाठी काय शिकावे?

मुलांच्या औषधात सर्वांत धोकादायक चूक दहापटीची असते, आणि ती एका दशांशचिन्हाने होते. मोठ्यांच्या डोसमध्ये दहापट चूक झाली तर दहा गोळ्या किंवा अनेक कुप्या लागतात आणि कोणीतरी थांबून विचारते. बाळाच्या बाबतीत दहापट औषधही एकाच कुपीतून निघते, त्यामुळे कोणालाच खटकत नाही. म्हणून प्रत्येक वेळी वजन मोजावे, अंदाज करू नये. दर किलोला किती मिलिग्रॅम, एकूण किती मिलिग्रॅम आणि म्हणून किती मिलिलिटर, हे तिन्ही आकडे कागदावर लिहावेत आणि इंजेक्शनाचा हिशेब दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा. केंद्रात नेहमी लागणाऱ्या दहा-बारा औषधांचा, तिथे खरोखर मिळणाऱ्या बाटल्यांच्या तीव्रतेनुसार, वजनवार तक्ता करून ठेवणे हा एका दुपारचा उत्तम अभ्यास आहे. बाटलीची तीव्रता बदलली की तक्ता बदलावा.

घरी औषध किती द्यायचे हे तोंडी सांगणे पुरेसे नसते. पहिला डोस आईकडूनच, समोर, मोजून देववावा.

पल्स ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन मिळाला आहे, पण प्रशिक्षण मिळालेले नाही. किमान काय माहीत असावे?

यंत्रावर रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९० टक्क्यांखाली दिसले तर ऑक्सिजन द्यावा आणि मूल पाठवण्याची तयारी करावी. मात्र आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी नाडीची लाट स्थिर आहे का आणि दाखवलेली नाडी हृदयाच्या ठोक्यांशी जुळते का, हे पाहावे. मोठ्या माणसाच्या बोटाचा चिमटा तान्ह्या बाळावर चुकीचे आकडे दाखवतो. थंड हातपाय आणि हालचाल यांनीही आकडा बिघडतो, आणि गडद त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. मूल धापेने थकलेले दिसत असेल आणि यंत्र ‘ठीक’ म्हणत असेल, तर मुलावर विश्वास ठेवावा.

मूल मोठ्या रुग्णालयात पाठवले की आपले काम संपते. त्यात शिक्षण कसले?

उलट, पाठवणे ही शिकण्याची सर्वांत वाया जाणारी संधी आहे. पाठवण्यापूर्वी काय करायचे हे आधी शिकावे लागते : प्रतिजैविकाचा पहिला डोस, झटके थांबवणे, रक्तातील साखर तपासणे किंवा ती सोय नसेल आणि मूल बेशुद्ध असेल तर साखर कमी आहे असे समजून उपचार करणे, बाळाला आईच्या छातीशी लावून उबेत नेणे. निघालेल्या वाहनात मूल थंड पडले किंवा साखर उतरली, तर रुग्णालय कितीही चांगले असले तरी उपयोग नसतो.

नंतर काय झाले, हे बहुतेक डॉक्टरांना कधीच कळत नाही. आपण न्यूमोनिया म्हणून पाठवलेल्या मुलाला हृदयविकार निघाला, ही बातमी दोन वर्षांच्या व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवते. पाठवण्याच्या चिठ्ठीवर आपला फोन क्रमांक लिहावा आणि चार दिवसांनी स्वतःहून विचारावे. वरच्या रुग्णालयातील डॉक्टरांनीही उत्तर देताना उपहास टाळावा. ‘इतका उशीर का केला’ असे एकदा ऐकलेला डॉक्टर पुढच्या वेळी फोन करत नाही आणि मग खरोखर उशीर होतो.

इंटरनेट संथ आहे आणि वेळही नाही. कोणते साहित्य उपयोगी पडेल?

जागतिक आरोग्य संघटनेचे रुग्णालयातील बालउपचारांचे खिशात मावणारे पुस्तक, ज्याची दुसरी आवृत्ती २०१३ची आहे, विनामूल्य उतरवून घेता येते आणि एकदा फोनवर घेतले की इंटरनेटशिवाय चालते. त्यातील काही शिफारसी नंतर बदलल्या असल्याने आपल्या देशाच्या ताज्या सूत्रांशी त्या ताडून पाहाव्यात. संशोधन-नियतकालिके वाचायची असतील तर अल्प उत्पन्नाच्या देशांतील संस्थांसाठी २००२ साली सुरू झालेला ‘हिनारी’ कार्यक्रम आहे. त्यात ती मोफत किंवा अत्यल्प शुल्कात मिळतात, मात्र संस्थेची नोंदणी लागते. औषधकंपनीच्या खर्चाने होणाऱ्या वर्गात बसायला हरकत नाही. फक्त तिथे सांगितलेले औषध सूत्रांमध्ये आहे का, हे घरी येऊन पाहावे.

प्रमाणपत्रे आणि गुणांकन यांना किती महत्त्व द्यावे?

नोंदणी टिकवण्यासाठी लागते तेवढे. प्रमाणपत्र उपस्थितीचे असते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून आम्ही अशा डॉक्टरांना शिकवतो. आमचे कुठे चुकते?

बहुधा विषयाच्या निवडीतच चुकते. ज्या डॉक्टरकडे एक्स-रे नाही त्याला दुर्मीळ आजारांच्या स्कॅनच्या चित्रफिती दाखवून काही साधत नाही. वर्गापूर्वी त्या केंद्रात अर्धा दिवस बसावे, औषधांचे कपाट उघडून पाहावे, आणि मग तिथे जे नाही त्याविना काय करता येते ते शिकवावे. प्रश्न विचारायला लावावेत, पण चुकीच्या उत्तरावर वर्गात हसू होऊ देऊ नये. ज्या मोसमात ज्या आजाराची गर्दी असते त्याच्या महिनाभर आधी तो विषय घ्यावा. गर्दी सुरू झाल्यावर कोणी वर्गाला येऊ शकत नाही. आणि परिचारिकांना वेगळे न काढता डॉक्टरांसोबत बसवावे, कारण तातडीच्या प्रसंगी ते दोघेच एकमेकांना असतात.

शिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे कसे ओळखावे?

वर्गाअंती भरून घेतलेल्या अर्जावरून नाही, त्यात सगळेच ‘उत्तम’ लिहितात. सहा महिन्यांनी त्याच केंद्रात जाऊन पाहावे : न्यूमोनियाच्या किती कागदांवर श्वासांची संख्या आहे, जुलाबाच्या किती मुलांना क्षारसंजीवनी आणि झिंक दोन्ही मिळाले, किती जणांना विनाकारण प्रतिजैविक गेले, पाठवलेल्या मुलांना पहिला डोस मिळाला होता का. छोट्या केंद्रात मृत्यूंची संख्या इतकी कमी असते की वर्षभरातल्या तिच्या चढउतारावरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून मृत्यू मोजण्यापेक्षा ही कामे मोजणे अधिक प्रामाणिक ठरते. प्रत्येक मृत्यूची मात्र, कोणाला दोषी न धरता, सर्वांनी मिळून घटनाक्रमानुसार चर्चा करावी : मूल दारात केव्हा आले, पहिल्यांदा कोणी पाहिले, वजन केव्हा झाले, पहिले औषध केव्हा मिळाले. पुढच्या सरावाचा विषय बहुतेक वेळा या चार वेळांमधल्या अंतरातच सापडतो.